त्या काचा फुटल्या नव्हत्या

डॉ. शरयूताई सातपुते यांची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा मी तपासणीच्या टेबलावर उताणी पडले होते. राहुरीजवळच्या त्यांच्या लहानशा दवाखान्यात मी नोकरी मागायला गेले होते. अंगावर इस्त्रीची साडी, हातात सर्टिफिकेटांची पिशवी. डॉक्टरबाईंनी पिशवीकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "सिस्टर, टेबलावर झोपा. पाय वर घ्या." मी म्हटलं, "अहो, मला काही झालेलं नाही!" तर म्हणतात, "ठाऊक आहे. झोपा, आणि काय दिसतं ते सांगा." छताला कोळिष्टकं होती, आणि खिडकीच्या वरच्या फटीतून रस्त्यानं जाणाऱ्या माणसाची टोपी दिसत होती. मी तसं फणकाऱ्यानं सांगून मोकळी झाले. "मग दोन्हीचा बंदोबस्त करा आणि कामाला लागा," एवढं बोलून त्या पुढच्या पेशंटकडे वळल्या. माझी मुलाखत झाली होती.

बाईंच्या पंच्याहत्तरीच्या या ग्रंथासाठी मला 'कार्य आणि स्वभाव' यांवर लिहायला सांगितलं आहे. त्यांच्या शस्त्रक्रियांवर, मानसन्मानांवर मोठी मंडळी लिहितीलच. मी एकोणीस वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलं, आणि मला लिहायचं आहे एकाच गोष्टीबद्दल. आमच्या तालुक्यात अजूनही जुनी माणसं बाईंना चिडवतात, "काचा फोडणाऱ्या डॉक्टरीणबाई." बाई हसून सोडून देतात. मला मात्र दर वेळी मान खाली घालावी लागते. का, ते आता सांगते.

नव्वदीच्या मधली ती वर्षं. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची बाई तेव्हा आमच्याकडे यायची ती अगदी शेवटाला. अंगावरून पांढरं जातंय, मधूनच लाल दिसतंय, हे दोन-दोन वर्षं कुणाला सांगायचं नाही. घरातल्यांना वास सोसवेना की मग टेम्पोत घालून आणायचं. अशी एक बाई आमच्या दारात, टेम्पोतून खाली उतरवायच्या आधीच गेली. वय अडतीस. डॉक्टरबाई तिच्या नवऱ्याशी बोलून आत आल्या आणि नळ सोडून कितीतरी वेळ नुसत्या हात धूत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "सिंधूताई, हा आजार व्हायच्या कितीतरी वर्षं आधी तपासणीच्या काचेवर दिसतो हो. ती येईल म्हणून आपण वाट बघत बसलो, तेच चुकलं." पुढच्याच महिन्यात आमची गावोगावची शिबिरं सुरू झाली.

तपासणी म्हणाल तर दोन मिनिटांची. लाकडी पट्टीनं गर्भाशयाच्या मुखावरून अलगद पेशी घ्यायच्या, काचपट्टीवर पसरायच्या, काच स्पिरिटमध्ये बुडवायची आणि पुण्याला पाठवायची. दुखत नाही, खुपत नाही. पण एका बाईला त्या टेबलापर्यंत आणायचं म्हणजे आमच्या तोंडाला फेस यायचा. "मला काय झालंय? कशाला उगं नसतं उकरून काढता?" हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकलंय की आता झोपेतही म्हणून दाखवीन.

मुळा धरणाच्या कालव्यावरच्या एका गावात आमचं शिबिर होतं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही आणि त्यातल्या बायकांची नावंही बदलते आहे. शाळेची खोली, खिडक्यांना चादरी, दोन टेबलं जोडून केलेलं एक टेबल. नोंदीची वही माझ्याकडे. काचेवर हिऱ्याच्या टोकाच्या पेन्सिलीनं नंबर कोरायचा आणि वहीत त्याच नंबरापुढे बाईचं नाव, नवऱ्याचं नाव, वस्ती लिहायची, असा डॉक्टरबाईंचा कडक नियम. आता आमच्याकडच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मग ते रांगेतली मागची बाई सांगते. "तिच्या मालकाचं नाव लिवा की हो, अमुक अमुक," अशी सगळी वही मागच्या बाईच्या तोंडून भरत जायची.

चाळिसावी बाई शेवटची होती. तिच्या मागे कुणीच नव्हतं. डोक्यावरचा पदर तिनं पार तोंडावर ओढलेला.

"नाव?"

"हिराबाई."

"मालकांचं?"

तिनं मान फिरवली.

"अहो, हळू सांगा, मी काय गावभर करणार नाही. बरं, वस्ती कुठली?"

"हितलीच की."

दुपार टळून गेली होती, पोटात कावळे ओरडत होते, बाहेर टेम्पोवाला हॉर्नवरचा हात काढत नव्हता. जाऊ दे मेलं, म्हटलं. गावात हिराबाया असून असून किती असणार! मी वही मिटली.

तीन आठवड्यांनी पुण्याहून रिपोर्ट आले. एकोणचाळीस जणींचं काही किरकोळ, काही व्यवस्थित. चाळीस नंबरच्या काचेवर मात्र पेशी फार बिघडलेल्या होत्या.

डॉक्टरबाईंनी वही उघडली. 'हिराबाई', आणि पुढचे दोन्ही रकाने कोरे. त्यांनी वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाकीचं कुठंय?"

मी सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाल्या, "हा अजून कॅन्सर नसेल तर लहानशा उपचारानं ही बाई बरी होईल. असेल तर मोठे उपचार लागतील. तुकडा काढून तपासल्याशिवाय मला सांगता येणार नाही. आणि तुकडा काढायला बाई पाहिजे."

मी गाव पालथं घातलं. रक्तवाढीच्या गोळ्या वाटायच्या निमित्तानं घरोघर फिरले; मळ्यांतल्या बायका तेवढ्या शेतात असत, त्या भेटल्या नाहीत. ग्रामपंचायतीत मतदारयादी पाहिली. यादीत दोन हिराबाई. एक ऐंशीच्या पुढची, अंथरुणाला खिळलेली. दुसरीला जाऊन वर्ष झालेलं. माझं धाबं दणाणलं. परत येऊन म्हटलं, "बाई, देवळाच्या भोंग्यावरून पुकारू. शिबिराला आलेल्या हिराबाईंनी दवाखान्यात भेटावं म्हणून."

"आणि गावाला कळू दे, की हिराबाईला काहीतरी भलतं झालंय?" बाई तडकल्या. "जी नवऱ्याचं नाव मागच्या बाईनंही सांगू नये म्हणून शेवटी उभी राहते, ती पुकारल्यावर येईल का? ती आणखी लपेल. सिंधूताई, रिपोर्ट तिचा आहे. तो तिच्या आधी गावाला कळता कामा नये."

मग त्यांनी जे केलं ते ऐका. गावात निरोप धाडला: 'दवाखान्याच्या हलगर्जीपणामुळे शिबिरातल्या सगळ्या काचा फुटल्या आहेत. चाळीसही जणींनी कृपा करून परत यावं. डॉ. सातपुते आपली माफी मागतात.' बाईंच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं खोटं. सगळ्याच आल्या तर त्यांच्यात तीही येईल, कुणाला संशय येणार नाही, असा त्यांचा हिशेब होता.

बायका आल्या, पण कशा! "आमी काय शेळ्यामेंढ्या हाय व्हय, सारखं सारखं हाकलायला?" एकीनं तर तोंडावर सांगितलं, "बाई, तुमच्या हाताला काय कापरं भरलं व्हतं का?" डॉक्टरबाई प्रत्येकीला हात जोडून "चुकलं माझं" म्हणत होत्या आणि पुन्हा नीट तपासत होत्या. मी वहीत खुणा करत होते. अडतीस. एकोणचाळीस. आम्ही दिवस मावळेपर्यंत त्या खोलीत बसून राहिलो. चाळिसावी आली नाही.

पुढच्या आठवड्यात एका स्थानिक साप्ताहिकात छापून आलं, 'शिबिरात महिलांची हेळसांड'. दवाखान्याच्या विश्वस्तांपैकी एकजण येऊन सगळ्यांसमोर बाईंना नाही नाही ते बोलून गेले. माझा जीव तीळ तीळ तुटत होता. मी केबिनमध्ये जाऊन म्हटलं, "मी सांगते त्यांना, चूक माझी आहे." बाईंनी मान वर केली नाही. "सांगितलंत तर पुढच्या शिबिरात तुम्हाला कोण नाव सांगेल? माझ्यावर चिडतील, चार महिन्यांत विसरतील. नोंदीच्या वहीवरचा विश्वास उडाला तर एकही बाई टेबलापर्यंत यायची नाही. जा, कामाला लागा." मी संडासात जाऊन रडले. लिहायला लाज वाटते, पण रडले.

त्याच संध्याकाळी घरी भाकरी थापताना मला एकदम आठवलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला मूल होत नव्हतं, तेव्हा सासरच्यांना चोरून मी नगरला एका डॉक्टरांकडे गेले होते. केसपेपरवर नाव विचारलं तेव्हा मी 'यमुना' म्हणून सांगितलं. यमुना माझं माहेरचं नाव. लग्नात बदललं, सिंधू झाले; सासरी यमुना कुणाला ठाऊकच नाही. नाव खोटं नव्हतं आणि सापडण्यासारखंही नव्हतं. अगं बाई! मी तव्यावरची भाकरी तशीच करपू दिली. हिराबाई त्या गावात होतीच, फक्त तिला कुणी हिराबाई म्हणत नव्हतं.

सकाळी डॉक्टरबाईंना सांगितलं. त्यांनी माझं पूर्ण ऐकलं, माझ्या खांद्यावर एकदा हात ठेवला आणि लगेच विचारलं, "सुनेचं माहेरचं नाव सासरच्या गावात कोणाला ठाऊक असतं, घरच्यांशिवाय?"

"कासारणीला," मी म्हटलं. लग्नाचा चुडा माहेरी भरला जातो. त्या पट्ट्यातल्या दहा-बारा गावांत एकच कासारीण फिरायची. पोरीला माहेरी चुडा भरणारी तीच आणि पुढे सासरी सणावाराला बांगड्या भरणारीही तीच.

दुसऱ्या दिवशी आठवडे बाजार होता. डॉक्टरबाई माझ्याबरोबर कासारणीच्या पालात शिरल्या आणि पोत्यावर मांडी घालून बसल्या. इथे एक सांगायला हवं. बाईंचे यजमान अपघातात गेले त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती, आणि हे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं. कासारीण हात आखडून बसली. "डॉक्टरीणबाई, तुमी... काचंच्या?"

"भरा," बाईंनी हात पुढे केला. "हिरव्या चालत नसल्या तर निळ्या भरा."

आजूबाजूच्या बायका एकमेकींना कोपरं मारू लागल्या. मला वाटलं, उठावं आणि एकेकीला झोडावं. बाई मात्र गप्पा मारत बसल्या. कालव्यावरच्या त्या गावच्या सुना कुठकुठल्या, कुणाला काय म्हणायचे माहेरी, बदललेलं नाव आवडतं का पोरींना? कासारीण खुलली. "बदलत्यात वो, पन माझ्या ध्यानात ऱ्हातं. पाटलाची सुशी, ती माहेरची भामा. शाळंमागली लता, ती गयाबाई. वरच्या मळ्यातली मंगल, ती हिरा. लई गुनाची पोर."

मी चटकन बाईंकडे पाहिलं. बाईंच्या चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही. त्यांनी आणखी दोन सुनांची चौकशी केली, आणि मग सहज, "वरच्या मळ्यातली बरी आहे ना?"

"कुठली बरी! अंगावरनं जातंय म्हनं. परवा दिशी नेत्यात तिला तालुक्याला, पिशवी काढाया."

पालाबाहेर आल्यावर मी विचारलं, "बाई, गर्भपिशवीच काढताहेत तर सुटली ना ती?"

"नाही हो," बाई भराभर चालत होत्या. "आत कॅन्सर असला आणि तो माहीत नसताना नुसती पिशवी काढली, तर पुढचे उपचार अवघड होऊन बसतात. आणि तो नसला, तर पिशवी काढायचं कारणच नाही. उद्या सकाळी जायचं."

वरच्या मळ्यात पोचलो तेव्हा ओसरीवर मंगलची सासू शेंगा फोडत होती आणि मंगल भांडी घासत होती. मला पाहिल्याबरोबर तिच्या हातातली तांब्याची कळशी निसटली. तिनं मला ओळखलं होतं; त्यावरून मीही तिला ओळखलं. सासूनं विचारलं, "ह्या कोन? तू गेल्तीस का काय त्या काचा फोडनाऱ्यांकडं?"

"न्हाई, मी न्हवंच," मंगल पुटपुटली.

आता बाई एक शब्द चुकल्या असत्या तर सगळं संपलं होतं. त्या सासूजवळ खाली बसल्या. "आजी, या गावातल्या ज्या शिबिराला आल्या नाहीत, त्यांच्या घरी मीच येते आहे. आधी तुम्हाला तपासते. वडीलधाऱ्यांनी पुढं व्हायचं."

म्हातारी बघतच राहिली. त्या घरात तिला 'कसं वाटतं' असं कुणी विचारल्याला किती वर्षं झाली असतील कोण जाणे! बाईंनी तिला मागच्या खोलीत नेऊन अर्धा तास तपासलं. गर्भाशय खाली उतरून तिचं अंग बाहेर येत होतं, अकरा वर्षं ती तशीच शेतात राबत होती. बाहेर आली ती डोळे पुसत.

मग मंगल. मी दाराशी उभी राहिले. बाईंनी तिला सगळं खरं सांगितलं; काच फुटली नाही, रिपोर्ट आलाय, आणि त्यात काय आहे.

"मरनार का वो मी? धाकटी अजून अंगावर पिती."

"आज मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "खोटं बोलून तुला घरी बसवणार नाही. आठ दिवसांत सांगेन. फक्त उद्याचं ऑपरेशन होऊ देऊ नकोस."

"मालकांना काय सांगू? मी चोरून आल्ते."

"मी सांगते. आज तपासलं आणि आज मला शंका आली, एवढंच त्यांना कळेल."

नवरा मळ्यातून आला. ऐकून भडकला. "उद्याचा टेम्पो ठरलाय माझा. तुमी गिऱ्हाईक पळवाया आलाय व्हय?"

"ऑपरेशन करायची वेळ आलीच तर तिथंच करा," बाई म्हणाल्या. "पण आठ दिवस थांबा. तुकड्याचा रिपोर्ट हातात घेऊन जा." तो ऐकेना. बाईंनी हात जोडले. तरी ऐकेना. शेवटी म्हातारी ओसरीवरून ओरडली, "आठ दिस थांब म्हनत्यात तर थांब की रं! तुझ्या बाला सांगाया कुनी न्हवतं, म्हनून मी अकरा वरसं कुढत बसले. सुनंचं तसं न्हाई व्हायचं."

तो मुकाट्यानं आत गेला. आम्ही मंगलला त्याच दिवशी दवाखान्यात आणलं. हात धुवायला उभ्या राहिल्यावर बाईंना त्या निळ्या बांगड्या आठवल्या. मी साबण लावून एकेक काढली. एकही फुटू दिली नाही. बाईंनी गर्भाशयाच्या मुखाला आयोडीन लावलं आणि जिथे रंग धरला नाही तिथला तुकडा काढला. मग आठ दिवस! मंगलची धाकटी दवाखान्याच्या व्हरांड्यात रांगायची आणि मला तिच्याकडे बघवायचं नाही.

रिपोर्ट आला तेव्हा मंगल आणि तिची सासू बाकावर बसल्या होत्या. बाईंनी तो दोनदा वाचला आणि माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "नाव तुम्ही वाचा. पूर्ण." मी नाव वाचलं, नवऱ्याचं नाव वाचलं, वस्ती वाचली. खाली लिहिलं होतं, बिघाड वरवरचा आहे, खोल गेलेला नाही. कॅन्सर नाही. मला पुढचं वाचता येईना. म्हातारी मला हलवून विचारत होती, "काय झालं? रडता कशापायी?"

बाईंनी लहानशी शस्त्रक्रिया करून तेवढा भाग काढला. पिशवी शाबूत राहिली. मंगल दर वर्षी तपासणीला येत राहिली, एकही वर्ष चुकली नाही. आमच्या नोंदवहीत तेव्हापासून माहेरचं नाव आणि सासरचं नाव असे दोन रकाने आले. ते विचारताना आजूबाजूला कुणी नसावं, हाही नियम झाला.

आता तर मुलींसाठी लस आली आहे. नऊ ते चौदाच्या वयात टोचून घेतली तर हा आजार पुष्कळसा आधीच अडवता येतो. बाई पंच्याहत्तरीतही शाळाशाळांतून हेच सांगत फिरतात, आणि लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी चुकवायची नाही, हे बजावून सांगतात. गेल्या वर्षी अशाच एका लसीकरणाला मी बाईंबरोबर गेले होते; तिथे मंगल तिच्या नातीला घेऊन आली होती. रांगेतला एक गृहस्थ हसत म्हणाला, "डॉक्टरीणबाई, आज काचा न्हाईत ना फोडायला?" सगळे हसले. बाईही हसल्या. मंगलनं माझ्याकडे पाहिलं. जवळ येऊन हळूच म्हणाली, "सिस्टर, अजून किती वरसं त्यांना हे ऐकू द्यायचं?"

म्हणून हा लेख. काचा फुटल्या नव्हत्या. एकही नाही. चूक माझी होती, या सिंधू नावाच्या सिस्टरची, आणि डॉ. शरयूताईंनी एका अनोळखी बाईची लाज आणि माझी अब्रू राखायला ती आपल्या नावावर घेतली आणि आजवर उतरवली नाही. तालुक्यातल्या ज्या ज्या माणसानं त्यांना त्यावरून हिणवलं असेल, त्यानं हे वाचावं.

हे छापायच्या आधी मी बाईंना विचारलेलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी कागद फाडून टाकला असता. समारंभात हा ग्रंथ त्यांच्या हाती पडेल, त्या हे पान उघडतील आणि व्यासपीठावरूनच माझ्याकडे डोळे वटारून बघतील. बघा, बाई. चिडा, फाडफाड बोला, मला घरी बोलावून बोला. तुमची तब्येत अशीच खणखणीत राहो आणि माझ्यावर रागवायला तुम्हाला अजून पुष्कळ, पुष्कळ वर्षं मिळोत. मी ऐकून घेईन. या वेळी मात्र जे बोलाल ते माझ्याच नावावर राहू द्या.